पांढरा रंग शोकाचा, असं ठरवलं कुणी?

केवडा

पुढच्या महिन्यात लेकीच्या मैत्रिणीचं लग्न आहे, बौद्ध पद्धतीचं. पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत विनंती आहे: शक्यतो शुभ्र वस्त्रं परिधान करून यावे. लेक खूश, तिचा चिकनकारीचा कुर्ता नुसता पडून होता. सासूबाईंनी मात्र पत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "लग्नाला पांढरं? आपल्यात नाही बाई चालत."

मी वाद घातला नाही, पण डोक्यातून जाईना. आमच्याच देवघरात सरस्वती पांढऱ्या साडीत आहे आणि तिच्या श्लोकात तिची शुभ्र वस्त्रं रोज संध्याकाळी गायली जातात. सासरे वारीला जायचे ते पांढरं धोतर, पांढरी बंडी घालून. शेजारच्या डिसोझांची मुलगी पांढऱ्या झग्यात बोहल्यावर, म्हणजे वेदीवर, उभी राहिली तेव्हा ह्याच सासूबाई "किती गोड दिसतेय" म्हणाल्या होत्या. तरी आपल्या घरातली बाई पांढऱ्यात दिसली की पोटात गोळा येतो. का?

तुमच्या घरात, तुमच्या धर्मात पांढरं कधी घालतात, कधी टाळतात, कारण काय सांगतात, ते लिहा. गूगलवरचं नको, घरातलं हवं.

खोचक

रुमाल टाकून ठेवतो.

जाता जाता: पांढरं नेसणारा सगळ्यात मोठा संप्रदाय तुम्ही विसरलात. कडक इस्त्रीचा, खादीचा, दर पाच वर्षांनी दारात येणारा. अंत्ययात्रा आणि शपथविधी, दोन्हीकडे एकाच जोडीत भागतं.

केवडा

@खोचक, धाग्याचं काश्मीर करायचं नाही, म्हणजे राजकारणात ओढायचा नाही हं. 😄

आजोबा_ठाणे

केवडाताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

माझं वय आता ऐंशीच्या पुढे. आमच्या कोकणातल्या घरात वडिलांची एक आत्या होती, बालविधवा. सगळे तिला आत्याबाई म्हणत. तिच्या अंगावर मी जन्मात पांढरं पाहिलं नाही. तिचं असायचं आलवण. तांबड्या रंगाचं, जाडंभरडं, केस काढलेल्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेलं. आपल्याकडच्या ब्राह्मण घरांत विधवेचा रंग तांबडा होता, पांढरा नव्हे. पांढरं थान नेसणारी विधवा बंगालातली. आपण ती इतकी पाहिली आहे, कादंबऱ्यांत आणि पडद्यावर, की ती आपलीच वाटू लागली. माझा तर समज आहे की मराठी घरांत पांढऱ्या साडीची धास्ती जितकी शास्त्रातून आली त्याहून जास्त सिनेमा थेटरातून आली.

बरं, 'आपल्यात' म्हणजे कुणात? ब्राह्मणेतर बहुतेक जातींत पाट लागायचा, विधवा पुन्हा नांदायला जायची. तिला जन्मभराचा रंग कोण ठरवून देणार? केशवपन आणि आलवण ही मूठभर घरांची चाल. तीही काही गुपचूप चालली होती असं नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरवली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. म्हणजे ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनाच तो नकोसा झाला होता.

आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांच्यावर पांढरं कापड घातलं. हयातीत पांढरं नाही, गेल्यावर पांढरं. आणि माझी आई सवाष्ण गेली, तिला हिरवी साडी, ओटी, मळवट. मढ्याचाही रंग आपल्याकडे एक नाही. लग्नाला बिनदिक्कत पांढरं नेसून जा.

अवनी_७७

आजोबा, __/\__ आलवणाबद्दल वाचलं होतं, पण तो तांबडा रंग असा कधी डोळ्यांसमोर आला नव्हता.

संघमित्रा_नागपूर

केवडाताई, पत्रिकेत 'शक्यतो' लिहिलंय. रंगीत नेसून गेलात तरी कुणी मांडवातून परत पाठवणार नाही. पण पांढरं का, ते सांगते.

आमच्यात काषाय चीवर भिक्खूंचं. पांढरं गृहस्थांचं. पाली सुत्तांत उपासकांचा उल्लेखच 'गिही ओदातवसना', म्हणजे पांढरी वस्त्रं नेसणारे गृहस्थ, असा येतो. ज्यांनी घर सोडलेलं नाही, ज्यांना बायकापोरं आहेत, शेत आहे, देणंघेणं आहे, त्यांचं हे वस्त्र. श्रीलंकेत पौर्णिमेला, पोयाच्या दिवशी, विहाराकडे जाणारा सगळा रस्ता पांढरा दिसतो. ते लोक संसारीच असतात. मग संसाराला सुरुवात करायच्या दिवशी दुसरा कुठला रंग जास्त शोभेल?

आता घरातलं. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, नागपूर. बाबासाहेब पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले. माईसाहेब पांढऱ्या साडीत. कुशीनाराच्या चंद्रमणी महास्थवीरांनी त्यांना त्रिशरण-पंचशील दिलं आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना. लोकांनी पांढऱ्या कपड्यांत यावं असं आधीच सांगितलेलं होतं. माझी आजी उमरेडकडच्या एका खेड्यातून चालत आणि मग बैलगाडीने आली होती.

ही आजी कुठल्या घरातली होती ते सांगितल्याशिवाय तिच्या लुगड्याचा अर्थ लागणार नाही. गावकीत महाराच्या वाट्याला जे हक्क होते त्यांत मढ्यावरचं कापड हा एक हक्क होता. दुसऱ्याच्या मयताचं पांढरं कापड धुऊन वापरायचं, तेही 'हक्क' म्हणून. त्या घरातली बाई बाजारात गेली, दुकानाच्या पायरीशी उभी राहिली आणि पैसे मोजून कोरं पांढरं लुगडं मागून घेतलं. दुकानदाराने ते वरून टाकलं की हातात दिलं, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "हातात घेतलं मी." बस, एवढंच.

आजोबांनी त्याच वेळी एक पांढरा सदरा शिवला होता. दोन महिने व्हायच्या आत ६ डिसेंबर आला. ते मिळेल त्या गाडीने मुंबईला निघाले. अंगावर तोच सदरा होता, कारण दुसरा धड नव्हता. म्हणजे आमच्या घरात एकच कापड दीक्षेचंही आणि बाबासाहेबांच्या शोकाचंही. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पांढरं आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरही पांढरंच. ते शुभ की अशुभ, असा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नाही.

लग्नात काय बघाल ते सांगते. लग्न लावणारे बौद्धाचार्य पांढऱ्या कपड्यांत असतील. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा. अक्षता नाहीत, फुलांच्या पाकळ्या असतात, त्यामुळे घरी येऊन केसांतून तांदूळ काढायचं काम वाचतं. हल्ली नवऱ्या पांढऱ्या साडीला रुंद जरीचा काठ घेतात आणि संध्याकाळी रिसेप्शनला लालभडक शालू. आईला ते पटत नाही. मला चालतं.

केवडा

संघमित्रा, काय लिहू... "हातात घेतलं मी" वाचून थांबले. आभार.

मुठेकाठचा

संघमित्राताईंचा गृहस्थाचा मुद्दा वारकऱ्यांना जसाच्या तसा लागू पडतो. खांद्यावर पताका भगवी, अंगावर कपडे पांढरे. रामदासी भगवे, गोसावी भगवे, पण माळकरी पांढरा. कारण तो घर सोडून निघालेला नाही, आषाढी करून पेरणीच्या कामाला परत येणार आहे. ज्ञानोबांच्या आईवडिलांना तर संन्यास सोडून संसारात परत आल्याबद्दलच वाळीत टाकलं होतं. त्या घरातून निघालेल्या पंथाने अंगावर भगवं घेतलं नाही, ह्यात मला संगती दिसते.

पण फार अर्थही काढू नका. शेतकऱ्याचा रोजचा वेष तोच होता. न रंगवलेलं सुती कापड सगळ्यात स्वस्त. रंगाला पैसे पडायचे, रंगारी लागायचा. पुष्कळ धर्मांतलं 'पवित्र पांढरं' हे मुळात गरिबाचं बिनरंगी कापड आहे, अर्थ मागाहून चिकटले.

उलट उदाहरणही आहे. रामकृष्ण मिशनमध्ये ब्रह्मचारी पांढऱ्यात असतात, संन्यास मिळाला की गेरुआ. तिथे पांढरं म्हणजे उंबरठ्यावर उभं असणं. ना संसारात, ना संन्यासात.

अवनी_७७

@मुठेकाठचा, स्वस्त? विकत घेताना स्वस्त असेल. मोरीत विचारा.

आमचे आजे-सासरे, तात्या, वारकरी. ते पंढरपूरहून परत आले की आजेसासूबाईंची स्वतःची एक वारी सुरू व्हायची. बंडीच्या गळ्याशी घाम आणि बुक्का मिळून काळी कड बसलेली. धोतराच्या सोग्याला दिवेघाटापासूनचा सगळा चिखल. आधी भिजत, मग सोडा घालून चुलीवर उकळायचं, दगडावर आपटायचं, मग नीळ. नीळ जरा जास्त झाली की निळे डाग आणि त्यावरून बोलणी. शेवटी तांदळाच्या पेजेची खळ. मग तात्या पांढरेशुभ्र होऊन कीर्तनाला निघणार. आणि त्या स्वतः? काळसर जांभळं लुगडं, मळखाऊ. दिंडीतल्या बायकाही बघा, सगळ्या रंगीत लुगड्यांत. पांढरं पुरुषांना.

पावित्र्य, साधेपणा, समता, सगळं मान्य. पण त्याचा अर्थ आपण घालणाऱ्याला विचारतो, धुणारीला नाही.

खोचक

+१. आमच्या टोपी संप्रदायातही धुणारे वेगळेच असतात.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा. इस्लाममध्ये पांढऱ्याचा विषय निघाला की एहराम, म्हणजे हजला जाताना घालायचा वेष, येणारच, तर ते आधी.

पुरुषांसाठी दोन न शिवलेल्या चादरी. एक कमरेला, एक खांद्यावरून. मक्केच्या आधी ठरलेल्या हद्दी आहेत, त्यांना मीकात म्हणतात. ती ओलांडण्यापूर्वी एहराम बांधलेला असावा लागतो. जेद्दाला उतरणारं विमान हवेतच हद्द ओलांडतं, म्हणून अब्बांनी मुंबईतच बांधला. नवख्या माणसाची त्यात त्रेधा उडते. चादर टॉवेलसारखी जाड, वरून सतत घसरते, पैशासाठी कमरेला पट्टा. सुगंधी साबण नाही, अत्तर नाही. आणि डोकं उघडं! अब्बांना मी जन्मभर टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. विमानतळावर त्यांचं ते उघडं टक्कल बघून अम्मीने तोंड फिरवलं, हसू आवरण्यासाठी.

ह्यात दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पहिली, बायकांना हा वेष नाही. त्यांनी आपले नेहमीचे शिवलेले, अंगभर कपडे घालायचे, कुठल्याही रंगाचे. फक्त नकाब आणि हातमोजे घालायचे नाहीत. आपल्याकडच्या बायका पुष्कळदा पांढरं घालतात, पण ती रीत आहे, नियम नाही. दुसरी, पुरुषांनाही पांढरं सक्तीचं नाही, पसंतीचं आहे. सक्ती शिवणीची आहे, की ती नको. मॅनेजर आणि शिपाई, दोघांच्या खिशांत फरक असतो, म्हणून खिसाच नाही असं आमचे मौलवी सांगायचे.

पांढरं पसंत का, तर हदीस आहे: पांढरे कपडे घाला आणि तुमच्या मयतांना त्यातच कफन द्या. एकाच वाक्यात जिवंत आणि मेलेले दोन्ही. कफन पुरुषाला तीन कापडांचं, बाईला पाच. हजहून येणारे कित्येक लोक एहराम मक्केतल्या जमजम विहिरीच्या पाण्यात बुडवून, वाळवून आणतात, पुढे कफनाला वापरायचा म्हणून. अब्बांचा आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, डांबराच्या गोळ्या घालून. अम्मी दर उन्हाळ्यात तो बाहेर काढून ऊन दाखवते. अब्बा समोर आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले असतात.

आणि केवडाताईंच्या मूळ प्रश्नाला धरून: नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची, साजशृंगार टाळायचा, एवढं शास्त्र. त्या काळात पांढरंच घालावं असं कुठे नाही. तरी आमच्या गल्लीत घालतात. शेजारधर्म म्हणा.

वसईवाला

"शेजारधर्म म्हणा" 😄 आमच्याकडे उलटा शेजारधर्म झालाय.

आमच्या सामवेदी ख्रिस्ती आज्या, पणज्या लाल लुगड्यात. चर्चमध्ये जाताना, लग्नात, सणाला, लालच. पांढरा गाऊन आमच्या घरात आईच्या पिढीपासून आला. लोकांना वाटतं ख्रिस्ती नवरी पांढऱ्यात असणं बायबलातलं आहे. तसं काही नाही. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी १८४० मध्ये पांढरा पोशाख घालून लग्नाला उभी राहिली, तिथून ती टूम श्रीमंतांत आणि मग जगभर पसरली. त्याआधी युरोपातल्या सामान्य घरची नवरी असेल तो चांगला कपडा घालायची. गोव्यात बघा, लग्नात नवरीचा पांढरा झगा असला तरी लाल 'सादो', म्हणजे नवरीचा लाल पोशाख, आपली जागा धरून आहेच.

चर्चचं स्वतःचं पांढरं लग्नाचं नाही, बाप्तिस्म्याचं आहे. पहिल्या शतकांत नवे ख्रिस्ती ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा घ्यायचे आणि पुढचा आठवडाभर पांढरे कपडे वापरायचे. बाळाचा पांढरा झबला, पहिल्या कम्युनियनच्या मुलींचे पांढरे फ्रॉक, फादरचा आतला पांढरा पायघोळ, सगळं त्यातूनच. नाताळ आणि ईस्टरला वेदीवरचं वस्त्र पांढरं. मयताला पूर्वी फादर काळ्या वस्त्रात असायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जांभळं किंवा पांढरं चालू लागलं, पुनरुत्थानाची आशा म्हणून. लोक मात्र अजून काळ्यातच येतात. म्हणजे वेदीवर पांढरं आणि बाकांवर काळं.

दादर_टीटी

पारशी कुणी लिहीत नाहीये, मी शेजारी म्हणून लिहितो. खालच्या मजल्यावरचे काका एकच पांढरी डगली नवजोतीला (मुलांचा धर्मप्रवेश), लग्नाला आणि डुंगरवाडीला, म्हणजे मयताला, घालून जायचे. बंद बांधायची, सुती, खळ केलेली. आम्ही पोरं खिडकीतून बघून ओळखू शकायचो नाही की काका जेवायला चाललेत की पोचवायला. काकूंच्या हातात पाकीट असलं तर लग्न.

आत सदरा, पातळ मलमलचा पांढरा, आणि कमरेला बहात्तर लोकरी धाग्यांची कस्ती, यस्नाच्या बहात्तर अध्यायांची. सदऱ्याला छातीशी एक एवढासा खिसा असतो, बोटाचं पेर मावेल न मावेल एवढा. त्यात दिवसभराची सत्कर्मं साठवायची. काका म्हणायचे, "एटलो नानो छे, तो बी खाली."

त्यांच्या मयताबद्दल मला आवडलेली गोष्ट: देहावर स्वच्छ पांढरे कपडे, पण जुने, वापरलेले. नवं कापड वाया घालवणं हे पाप. मागून चालणारे लोक दोघा-दोघांच्या जोडीने, मधे एक पांढरा रुमाल दोघांनी धरलेला.

शनवारतेली

इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितोय. मराठी टायपिंगची सवय मोडलीय, सांभाळून घ्या.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्याकडे पांढऱ्याचा दिवस म्हणजे योम किप्पुर. अलिबागकडची माझी आजी ह्या सणाला दारफाळणीचा सण म्हणायची. दारं बंद, उपास, पांढरे कपडे, शेजारपाजाऱ्यांशी त्या दिवशी व्यवहार नाही. दुसरा दिवस शिळा सण, तेव्हा भेटीगाठी आणि दानधर्म. इथे आता सगळं गाव त्या दिवशी पांढऱ्यात. गाड्या बंद, रस्त्यावर पोरं सायकली घेऊन. चामड्याचे जोडे चालत नाहीत, त्यामुळे वर कडक पांढरा शर्ट आणि पायात रबरी सपाता, असे आजोबा सिनेगॉगला निघतात.

आमच्या धर्मग्रंथात, तोराहमध्ये, आहे की मुख्य याजक वर्षभर सोन्याच्या नक्षीची वस्त्रं घालायचा, पण ह्या एका दिवशी अतिपवित्र स्थानात जाताना ती उतरवून साधी तागाची वस्त्रं. देवाच्या सगळ्यात जवळ जाताना सगळ्यात साधा कपडा.

माझा शेजारी अश्कनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंपैकी. त्याच्याकडे कित्तेल नावाचा पांढरा झगा आहे. लग्नात घातला, दर योम किप्पुरला घालतो, त्यातच पुरणार. आमच्या बेने इस्राएलांत कित्तेल नाही, पण नवरी पांढऱ्या साडीत असते. मेंदीला हिरवं-लाल, लग्नाला पांढरं. केवडाताई, तुमच्या सासूबाईंना सांगा, मराठी बोलणारी, पांढऱ्या साडीतली नवरी कोकणात किती पिढ्या आहे ते.

साकुरा_पुणेकर

जपानातून थोडक्यात. शिकोकू बेटावर कोबो दाइशी ह्या बौद्ध भिक्खूंच्या नावाची ८८ देवळांची यात्रा आहे, सुमारे १,२०० किलोमीटरची. यात्रेकरू पांढरा अंगरखा घालतात. पूर्वी वाटेत लोक मरायचे, तेव्हा तोच अंगरखा कफन. हल्ली बसने करणारेही घालतात आणि देवळा-देवळाचे शिक्के त्यावर उमटवून घेतात. इकडची पारंपरिक नवरीही डोक्यापासून पायापर्यंत पांढरी असते.

केवडा

ताजी खबर. सासूबाईंना आजोबांची आणि शनवारतेलींची पोस्ट वाचून दाखवली. आलवणाचं ऐकून म्हणाल्या, "अगं हो, आमच्या वाड्यात पण एक होत्या, तांबड्याच." मग बराच वेळ त्या बाईंबद्दल बोलत राहिल्या. लग्नाला येणार आहेत. पांढरी इंदुरी, हिरवा काठ. काठाशिवाय नाही म्हणाल्या. मी म्हटलं, ठीक आहे.

आता एक राहिलं. जैनांवर अजून कुणीच लिहिलं नाही. श्वेतांबर तर नावातच पांढरे.

कृष्णाकाठ

लिहितो. मी सांगलीकडचा, दिगंबर. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात वरच्या पायरीवर पांढरंही नाही, काहीच नाही. कापड हा परिग्रह. ते ठेवायचं म्हणजे धुवायचं, जपायचं, हरवलं तर शोधायचं. मुनींनी तेही सोडलेलं. पण नांदणीच्या, कोल्हापूरच्या मठांचे भट्टारक, म्हणजे मठाधिपती, भगव्यात. आणि आर्यिका, म्हणजे साध्वी, एका पांढऱ्या साडीत. एकाच पंथात दिशा, भगवं आणि पांढरं.

आर्यिकांच्या साडीवर जरा थांबतो, कारण अवनीताईंच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. दिगंबर शास्त्राप्रमाणे वस्त्र पूर्ण सुटल्याशिवाय मोक्ष नाही. बाईने वस्त्र सोडायचं नाही. म्हणून स्त्रीच्या देहातून मोक्ष नाही, असा तो हिशोब. आर्यिका मुनींइतकंच कडक पाळतात, केशलोच करतात, म्हणजे केस हाताने उपटतात, पायी चालतात, दिवसातून एकदा आहार घेतात, आणि ती साडी त्यांना एक पायरी खाली ठेवते. श्वेतांबरांना हे मान्य नाही. त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्रीच होती. आमच्या घरात ह्यावर जेवताना भांडणं होतात, कारण बायको श्वेतांबर.

वस्त्राचा हा वाद फार जुना आहे. उत्तराध्ययन सूत्रात पार्श्वनाथांच्या परंपरेतले केशी आणि महावीरांचे शिष्य गौतम ह्यांची भेट आहे. केशी विचारतात, ध्येय एकच तर आपले वेष वेगळे का? गौतमांचं उत्तर असं की बाहेरची खूण लोकांना ओळख पटावी म्हणून आहे, मोक्षाचं साधन ज्ञान, दर्शन, चारित्र्य. सासूबाईंना हेही वाचून दाखवा.

अवनी_७७

आर्यिकांचं माहीत नव्हतं. आणि श्वेतांबर साधूंचे कपडे कोण धुतं? विचारणारच होते मी. 😀

कृष्णाकाठ

ते स्वतः. आणि क्वचितच, कारण वारंवार धुणं संयमात बसत नाही, पाण्यातल्या जीवांची हिंसा होते. उकळून गार केलेलं मोजकं पाणी वापरायचं. म्हणून जवळून पाहिलंत तर त्यांचं पांढरं टिनोपालचं नसतं. दुधी, कधी चक्क मळकं असतं. बायकोच्या माहेरी उपाश्रयात, म्हणजे साधू उतरतात तिथे, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तेच डोळ्यात भरलं होतं. आमच्याकडच्या लग्नातले वऱ्हाडी जास्त श्वेतांबर दिसतात.

मुठेकाठचा

श्वेतांबर साधू पिवळ्या कपड्यांतही असायचे असं जुन्या चित्रांत दिसतं. ते काय प्रकरण?

कृष्णाकाठ

बरोबर पाहिलंत. साधारण सतराव्या-अठराव्या शतकाची गोष्ट. श्वेतांबरांत यती नावाचा वर्ग होता. एका जागी राहणारे, मालमत्ता बाळगणारे, वैद्यकी आणि ज्योतिष सांगणारे, आणि कपडे पांढरे. कडक आचार पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या साधूंना, त्यांना संवेगी म्हणत, प्रश्न पडला की लोकांनी आपल्याला ओळखायचं कसं? पांढरं तर यतींनी घेतलेलं. मग त्यांनी आपली वस्त्रं पिवळसर रंगवून घेतली. श्वेतांबर असून पिवळे! आत्मारामजी महाराज (१८३७–१८९६), ज्यांनी वीरचंद गांधींना १८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेला पाठवलं, ते ह्याच संवेगी परंपरेत आले. पुढे यती कमी होत गेले, पांढरं पुन्हा मोकळं झालं, तशी साधूंनी रंगवणं सोडलं.

खोचक

म्हणजे यती गेले म्हणून पांढरं परत मिळालं. आमच्या टोपीवाल्यांचं असं काही होण्याची शक्यता?

कृष्णाकाठ

@खोचक, त्यासाठी आधी कुणीतरी पिवळं नेसायला तयार व्हावं लागेल.